कालनिर्देशाची आज्ञा आणि मितीची परिभाषा

हस्तलिखिताच्या अखेरीस येणारी पुष्पिका ही साहित्येतिहासकाराची पहिली साक्षीदार असते. ग्रंथ कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि मुख्यतः कधी लिहिला, हे ती सांगते. परंतु ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर ती स्वतःच्या परिभाषेत देते, आणि ती परिभाषा उलगडता न आल्यास साक्ष असूनही निर्णय चुकतो. अलीकडे हस्तलिखितांच्या सूची संगणकावर तयार होऊ लागल्यापासून या साक्षीदाराची जबानी नोंदवून घेणारा एक नवा कारकून आपल्यामध्ये आला आहे. संगणकाच्या आज्ञापटलावरील, म्हणजे ज्याला ‘शेल’ म्हणतात त्यातील, दिनांक व वेळ यांची मांडणी करणारी आज्ञा हा तो कारकून. ही आज्ञा शेलमध्ये कशी आली, तिची घडण कोणत्या गृहीतांवर उभी आहे आणि भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला ती गृहीते कोठे अडचणीत आणतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरकरणी आपल्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु पूर्वापरत्वाचा निर्णय हा तौलनिक अभ्यासाचा पाया असल्यामुळे तो आपल्या दाराशीच येऊन ठेपलेला आहे.

१. शेल आणि त्याची भाषा

शेल ही वापरणारा आणि संगणकाची मूळ कार्यप्रणाली यांच्यामधली दुभाषी आज्ञावली होय. वापरणाऱ्याने एक ओळ लिहावी, शेलने ती वाचावी, तिचे पद पाडावे आणि योग्य त्या आज्ञावलीला काम सांगावे, असा हा व्यवहार चालतो. ओळीतील पहिले पद क्रियापदासारखे असते. उरलेली पदे त्याची कर्मे व विशेषणे. या अर्थाने शेलला शब्दसंग्रह आहे आणि व्याकरणही आहे.

त्या शब्दसंग्रहातील ‘डेट’ हा शब्द फार जुना. युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली, तिच्यातच तो आढळतो. परंतु ही आज्ञा शेलची स्वतःची नव्हती. ती शेलबाहेर स्वतंत्रपणे नांदणारी आज्ञावली होती. शेलला दिनांक हवा असेल तेव्हा त्याने स्वतःची एक प्रतिकृती निर्माण करावयाची, त्या प्रतिकृतीने आपले रूप टाकून ‘डेट’चे रूप घ्यावयाचे, एक ओळ लिहावयाची आणि संपून जावयाचे. दिवसातून दोनदा दिनांक विचारणाऱ्याला हा खटाटोप जाणवत नाही. मात्र दहा हजार नोंदींच्या सूचीत प्रत्येक नोंदीसाठी दिनांक मांडावयाचा झाला, म्हणजे दहा हजार प्रतिकृतींना जन्म देऊन दहा हजारांना निरोप द्यावा लागतो. काम तासन्‌तास रेंगाळते, आणि त्याचे कारण मांडणीच्या कठीणपणात नसून मांडणी करणाऱ्याला दर वेळी बाहेरून बोलावून आणण्यात असते.

२. नवा शब्द की नवा प्रत्यय

ही अडचण दूर करण्याचा मार्ग उघड होता : दिनांकमांडणी शेलच्या अंगातच असावी. मांडणीचे शास्त्र तोपर्यंत स्थिर झालेले होते. सी या भाषेच्या १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकात ‘स्ट्रएफटाइम’ नावाचे कार्य समाविष्ट झाले. त्याची पद्धत साचा भरण्याची आहे. साच्यात टक्क्याचे चिन्ह व त्याला लागून एक रोमन अक्षर लिहावे, म्हणजे त्या जागी कालाचा एक अवयव येऊन बसतो. थोरल्या वायच्या जागी चार अंकी वर्ष येते, धाकट्या एमच्या जागी महिन्याचा क्रमांक, थोरल्या एमच्या जागी मिनिटे, थोरल्या एच्या जागी वाराचे पूर्ण नाव. एकाच अक्षराच्या थोरल्या-धाकट्या रूपांनी अर्थ पालटत असल्यामुळे महिन्याच्या जागी मिनिटे छापून येण्याची चूक नवख्याच्या हातून हमखास होते. शुद्ध आणि वद्य यांची संक्षिप्त रूपे वाचताना मोडी शिकणाऱ्याची होते, तिच्याच जातीची ही चूक.

हे सामर्थ्य शेलमध्ये कसे आणावे याविषयी निरनिराळ्या कर्त्यांनी निरनिराळे निर्णय घेतले, आणि भाषेच्या अभ्यासकाला ते मोठे उद्‌बोधक आहेत. झेड-शेलमध्ये ‘स्ट्रएफटाइम’ याच नावाची आज्ञा एका जोडखंडात ठेवलेली आहे. तो खंड आधी मागवून घ्यावा लागतो. म्हणजे शब्दसंग्रहात एक नवा शब्द आला, परंतु तो परिशिष्टात राहिला. कॉर्न शेलने वेगळी वाट धरली. मजकूर छापणारी ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा त्यात होतीच. तिच्या साच्यात टक्क्याचे चिन्ह आणि थोरले टी यांच्यामध्ये कंसात दिनांकाचा साचा लिहिण्याची सोय तिने केली. बॅश या अत्यंत प्रचलित शेलने २०११ मधील ४.२ या आवृत्तीत हीच सोय स्वीकारली. येथे नवा शब्द आलेला नाही. जुन्या क्रियापदाला नवा प्रत्यय लागला आहे.

या निवडीमागे व्यवहारज्ञान आहे. शेलमध्ये नवे आज्ञानाम रूढ केले, की ज्या कोणी त्याच नावाची आपली आज्ञा आधी तयार करून ठेवली असेल त्याचा मजकूर मोडतो. प्रत्ययाने असा कलह उद्भवत नाही. पूर्वी जे रूप निरर्थक होते त्यालाच अर्थ प्राप्त होतो. जिवंत भाषा नवा आशय घेताना बहुधा याच मार्गाने जाते. परकी धातू आणून त्याला ‘णे’ लावणे हे मराठीला नवे क्रियापद घडविण्यापेक्षा नेहमीच सोयीचे वाटले आहे.

तथापि प्रत्ययालाही किंमत मोजावी लागते. बॅशच्या या रचनेत कालाचा आकडा म्हणून ‘उणे एक’ दिले तर त्याचा अर्थ ‘आत्ता’ असा होतो, आणि ‘उणे दोन’ दिले तर ‘हे शेल सुरू झाले तो क्षण’ असा. आता कालगणनेच्या दृष्टीने ‘उणे एक’ हा एक खराखुरा क्षण आहे : आरंभबिंदूच्या एक सेकंद अलीकडचा. तो क्षण या आज्ञेने उच्चारताच येत नाही. संकेताने संख्येची जागा घेतली की संख्या मुकी होते. ही हानी दोन सेकंदांची आहे आणि व्यवहारात कोणाला जाणवणारी नाही. परंतु तिचा प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे याच प्रकारची मोठी हानी आपल्याला पाहावयाची आहे.

३. क्षण एक, मित्या अनेक

वर आरंभबिंदूचा उल्लेख आला. युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत काल १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेला आहे. बत्तीस द्विमान अंकांच्या गणकात असा काल सव्वादोन वर्षांतच भरून जाई. पुढे एकक सेकंद झाले आणि आरंभबिंदू १ जानेवारी १९७० ची ग्रिनिच मध्यरात्र हा ठरला. चिन्हांकित बत्तीस अंकी गणकात ही गणना १९ जानेवारी २०३८ पर्यंत पुरते. म्हणून आता चौसष्ट अंकी गणक वापरात आले आहेत. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना या अर्थाने शककर्ते म्हणावयास हरकत नाही, फक्त त्यांचा शक वर्षांचा नसून सेकंदांचा आहे.

या शकाचा शून्य क्षण घेऊन पाहू. शेलच्या दृष्टीने ती केवळ ‘शून्य’ ही संख्या आहे. ग्रिनिचमध्ये तेव्हा गुरुवारची मध्यरात्र होती. भारतीय प्रमाणवेळेने पहाटेचे साडेपाच वाजले होते. महाराष्ट्राच्या पंचांगात तो शके १८९१ चा मार्गशीर्ष वद्य पक्ष होता. काशीच्या पंचांगात तोच पक्ष पौष कृष्ण होता, आणि वर्ष संवत् २०२६. कारण महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो दिवस ११ पौष १८९१ होता. तेथे शकाचा आकडा तोच, परंतु महिने सौर. म्हणजे एका शून्याची ही चार रूपे झाली, आणि त्यांपैकी दोहोंत ‘पौष’ हा शब्द आला असूनही तो एका अर्थाचा नाही. जन्माष्टमी मराठी माणसाला श्रावणात आणि उत्तरेकडील माणसाला भाद्रपदात येते, पण उपवास एकाच दिवशी घडतो, हे आपण सर्व जाणतोच.

क्षण आणि त्याची मांडणी यांचा हा विवेक हे शेलच्या रचनेचे मोठे गुण होय. क्षण एकदा निश्चित झाला की साचा बदलून त्याला हवे ते रूप देता येते. रूप बदलले म्हणून क्षण बदलत नाही. साहित्याभ्यासकाची कुचंबणा मात्र नेमकी उलट दिशेने असते. त्याच्या हाती रूप असते आणि त्याला क्षण शोधावयाचा असतो.

४. साच्यात न मावणारे शक

प्रमाणक रचणाऱ्यांना इतर कालगणनांची जाणीव नव्हती असे नाही. साच्यात टक्क्याच्या चिन्हापुढे थोरले ई लिहिल्यास प्रदेशानुसार पर्यायी शकाचे वर्ष यावे, आणि थोरले ओ लिहिल्यास त्या लिपीतील पर्यायी अंक यावेत, अशी तरतूद केलेली आहे. प्रदेशाच्या तक्त्यात शकाचे नाव, त्याचा आरंभदिन आणि वर्षाची मोजणी कोठून धरावयाची ते लिहून ठेवतात. जपानमध्ये सम्राट बदलला की शक बदलतो. १ मे २०१९ रोजी रेइवा शक सुरू झाला तेव्हा या तक्त्यांत नवी नोंद पडली. थायलंडचा बुद्धाब्दही या तरतुदीत बसतो.

मग शालिवाहन शक का बसू नये ? याचे उत्तर शकात नसून महिन्यांत आहे. जपानने १८७३ पासून ग्रेगोरियन महिने घेतले, थायलंडने १९४१ पासून वर्षारंभ १ जानेवारीला आणला. तेथे केवळ वर्षाचा आकडा निराळा. महिना आणि दिवस तेच. पर्यायी शकाची तरतूद वर्षाचे नाव बदलते, महिन्याची कूस बदलत नाही. आपला पाडवा चंद्राबरोबर सरकतो, तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक मास येतो. राष्ट्रीय दिनदर्शिका चंद्राला बांधलेली नाही, पण तिचे महिने ग्रेगोरियन महिन्यांच्या २० ते २३ तारखांच्या दरम्यान सुरू होत असल्यामुळे तीही या तक्त्यात मावत नाही. तिच्यासाठी वेगळे गणितखंड लागतात.

मराठेशाहीतील कागदपत्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तेथे सुहूर सनाचे वर्ष सौर असते आणि मृगाच्या सुमारास पालटते. महिना व तारीख मात्र हिजरी चांद्रमासाची, ‘छ’ या खुणेने दर्शविलेली. वर्ष अरबी संख्याशब्दांत, एकम् आधी, मग दशम्, मग शतक व सहस्र या क्रमाने लिहिलेले. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : सुहूर सन ११६१. एकाच ओळीत वर्ष एका गणनेचे आणि महिना दुसऱ्या गणनेचा, अशी कल्पनाच साच्याच्या कर्त्यांनी केलेली नाही. आपल्या काव्यग्रंथांतील भूतसंख्यांची रीत आणखी वेगळी : तेथे चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, रस म्हणजे सहा, आणि आकडे उजवीकडून डावीकडे मांडावयाचे. त्यात समुद्र कधी चार असतो, कधी सात.

५. अठ्ठ्याहत्तरचा भ्रम

साचा अपुरा असणे हा दोष नव्हे; अपुरेपणा झाकून टाकणे हा दोष होय. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या मितीला झाली. शकाच्या आकड्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन मिळतो, असा पाठ आपण शाळेपासून घोकलेला आहे. त्याप्रमाणे लढाई १७६० मध्ये झाली असे ठरेल. प्रत्यक्षात ती १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. शकवर्ष पाडव्याला पालटते आणि इसवी सन त्याच्या मधेच पालटतो; म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या मित्यांत एकोणऐंशी मिळवावे लागतात. हे अभ्यासकाला ठाऊक असते. परंतु शेलमध्ये दोन ओळींत लिहिलेल्या रूपांतराला ते ठाऊक नसते, आणि त्याचा निकाल इतक्या नीटनेटक्या रूपात समोर येतो की त्याला प्रश्न विचारण्याचे सुचत नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. एका आख्यानाच्या दोन प्रतींचा पूर्वापरक्रम ठरविताना मी एका संस्थेच्या संगणकीय सूचीवर विसंबलो होतो. सूचीत पहिल्या प्रतीचा दिनांक १ जानेवारी १७६० असा होता आणि दुसरीचा डिसेंबर १७६० मधला. पहिल्या प्रतीतील पाठ जुना धरून, दुसऱ्या प्रतीतील वेगळा पाठ हा उत्तरेकडील संपर्काने नंतर शिरला, असा निष्कर्ष मी काढला आणि तो एका चर्चासत्रात मांडलाही. पुढे मूळ पोथी पाहण्याचा योग आला. पुष्पिकेत शके १६८२, फाल्गुन, एवढेच होते, दिवस नव्हताच. म्हणजे ती प्रत १७६१ च्या वसंतातली, दुसरीच्या नंतरची. सूची करणाऱ्या आज्ञेने वर्षात अठ्ठ्याहत्तर मिळवले, आणि साच्याला महिना व दिवस हवेच असल्यामुळे रिकाम्या जागी जानेवारी आणि एक हे अंक भरले. पुष्पिकेतला फाल्गुन त्या भरणीत नाहीसा झाला होता. निष्कर्ष मला मागे घ्यावा लागला. यात आज्ञेपेक्षा माझा दोष मोठा, कारण वर्षारंभीचा तो गोंडस दिनांक पाहताच मला शंका यावयास हवी होती.

‘उणे एक’ या संख्येचा जो प्रकार वर पाहिला, तोच येथे मोठ्या प्रमाणावर दिसतो. तेथे एका संख्येला दुसरा अर्थ दिल्यामुळे दोन सेकंद नाहीसे झाले; येथे ‘माहीत नाही’ या अर्थाचे काम १ जानेवारीकडे दिल्यामुळे लेखनकाराचे मौन नाहीसे झाले. मौन हीसुद्धा पुष्पिकेची साक्षच असते.

६. बुधवार की शनिवार

दुसरे उदाहरण शिवराज्याभिषेकाचे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंद संवत्सर. इंग्रजी तारीख ६ जून १६७४. शेलला या तारखेचा वार विचारला तर ते बुधवार सांगते. प्रत्यक्षात तो शनिवार होता. आज्ञेचे गणित चुकलेले नाही. ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे; इंग्रजांनी ती पद्धत १७५२ पर्यंत सोडली नव्हती. आज्ञा मात्र ग्रेगोरियन नियम मागे अनंतापर्यंत लागू आहेत असे धरून चालते. तिच्या हिशेबाने तो दिवस १६ जून १६७४ होय, आणि १६ जूनचा वार विचारल्यास ती शनिवार असेच सांगते. पोर्तुगालने ग्रेगोरियन पद्धत १५८२ मध्येच घेतली होती. त्यामुळे सतराव्या शतकात पोर्तुगीज कागद आणि इंग्रज वखारीचा कागद एकाच दिवसासंबंधी बोलत असतील, तर त्यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. दोन्ही भाषांतील पुरावा एका सूचीत ओळीने लावणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

ज्या तपासणीने येथे चूक पकडली ती तपासणी आपल्या मित्यांत मुळातच अंतर्भूत आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तिथी, वार, संवत्सरनाम ही केवळ अलंकरणे नव्हेत. ती एकमेकांची पडताळणी करतात. दक्षिणेकडील साठ संवत्सरांचे चक्र अखंड चालते. म्हणून शकाच्या आकड्यात बारा मिळवून साठाने भागावे, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १५९६ मध्ये बारा मिळवून साठाने भागल्यास बाकी अठ्ठेचाळीस, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे संशोधन शके १५०६ मध्ये, तारण संवत्सरी केले. तेथे बाकी अठरा येते आणि अठरावे संवत्सर तारणच. उत्तरेकडील बार्हस्पत्य गणनेत अधूनमधून एक संवत्सर वगळले जात असल्यामुळे हे सूत्र तेथे चालत नाही. आकडा आणि नाव जुळले नाहीत तर लेखनकाराची, नकलकाराची किंवा आपली चूक आहे, हे लगेच कळते. संगणकवाले ज्याला पडताळा-अंक म्हणतात तो आपल्या लेखनकारांनी असा नावात गुंफून ठेवला होता.

७. नव्या आज्ञेकडून अपेक्षा

तेव्हा भारतीय मित्यांसाठी शेलमध्ये एखादी आज्ञा जोडावयाची झाल्यास तिची घडण कशी असावी ? चार गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, मूळ मितीचा मजकूर जसाच्या तसा जतन व्हावा आणि रूपांतरित दिनांक त्याच्या शेजारी बसावा, जागी नव्हे. दुसरी, शकाचे आणि मासपद्धतीचे नाव दिल्यावाचून तिने काम करू नये. ‘पौष’ असे नुसते म्हटल्यास कोणता पौष हे तिने विचारावे. तिसरी, संवत्सर किंवा वार दिलेला असल्यास तिने ताळा करून पाहावा आणि तो जुळत नसल्यास तसे सांगावे. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, उत्तर एका क्षणाचे नसून अवधीचे असावे. अठराव्या शतकापासूनच्या मराठी मित्यांपुरते बोलावयाचे तर चैत्र ते कार्तिक या महिन्यांत अठ्ठ्याहत्तर आणि माघ-फाल्गुनात एकोणऐंशी मिळवावेत, हे निश्चित आहे. मार्गशीर्ष आणि पौष मात्र इसवी सनाच्या उंबरठ्यावरचे; तेथे तिथी कळल्यावाचून आज्ञेने दोन्ही वर्षे सांगावीत. त्याआधीच्या शतकांत ही सीमा मागे सरकते, म्हणून तेथे हा नियम आंधळेपणाने लावू नये.

गणिताचे खंड आज उपलब्ध आहेत, त्यामुळे यांतील काहीही अशक्य नाही. अडचण आहे ती सवयीची. आज्ञेला ‘ठाऊक नाही’ हे उत्तर देण्याची मुभा आपण देत नाही, आणि तिने दिलेले उत्तर वाचताना ते कोणत्या साच्यातून आले हे विचारत नाही. ज्ञानेश्वरीला शके १२१२ ही एक मिती आहे आणि शके १५०६ ही दुसरी. पहिली रचनेची, दुसरी संशोधनाची, आणि दोन्ही खऱ्या. सूचीत मात्र दिनांकाचा रकाना बहुधा एकच असतो. तो रकाना भरण्यापूर्वी कोणत्या घटनेचा हा दिनांक, कोणत्या गणनेतला आणि किती निश्चित, हे तीन प्रश्न सूचीकाराने स्वतःला विचारले, तर आज्ञा कोणतीही असो, पोथीची साक्ष शाबूत राहील.